खोडाला बांधलेली नवरी

ओफोसुहेनेचे तोवरचे सगळे भुताचे सिनेमे त्याच्या मेहुण्याच्या परसात झाले होते. स्मशान तिथेच, जंगल तिथेच, चेटकिणीची गुहासुद्धा तिथेच. शेवटी शेवटी अक्राच्या व्हिडिओ हॉलमधले लोक पडद्यावर आंब्याचं झाड दिसलं की ओरडायचे, "आला रे मेहुण्याचा आंबा!" ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. पुढचा सिनेमा अशा जागी करायचा, त्याने ठरवलं, की जिथे माणसाने कितीही बोंब मारली तरी ओ द्यायला कोणी येणार नाही.

ही घानातली, त्र्याण्णव सालची गोष्ट. अक्रातल्या जेम्सटाउनला माझं केस विणायचं दुकान होतं, आणि अशा सिनेमांची रंगरंगोटी मी करायची. भुताला खडू, रक्ताला डब्यातला टोमॅटो आणि वर चमक यावी म्हणून थोडी साखर. साखरेने माश्या यायच्या. ओफोसुहेने म्हणायचा, येऊ देत, फुकटात काम करतात.

त्या सिनेमाची नायिका होती सेफाकोर. वय तिशीच्या आसपास, आधी नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरलेली. दिसायला चारचौघींसारखी, पण किंकाळी अशी मारायची की रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याने ब्रेक दाबावा. माझी तिची चांगली गट्टी होती. मी गा जमातीची, ती एवे, दोघींच्या भाषा वेगळ्या. आम्ही आपसात त्वी भाषेत बोलायचो, जशी अर्धी अक्रा बोलते. सिनेमेही त्वीतच असायचे, कारण ते सगळीकडे चालतात.

गोष्ट अशी होती: दुष्काळ पडतो, पुजारी गावातली एक मुलगी सरोवराच्या देवाला नवरी म्हणून देतात, पाण्यातल्या झाडाला बांधून सोडून जातात, आणि मग ती परत येऊन एकेकाला गिळते. त्यासाठी ओफोसुहेनेने व्होल्टा सरोवरातलं एक बेट शोधून काढलं, आडेलाकोपे. धरणाच्या वेळी तिथलं जंगल पाण्याखाली गेलं ते उभ्या उभ्याच. वठलेल्या झाडांची खोडं अजून पाण्याबाहेर डोकावतात. तोर्कोरच्या धक्क्यावरून निघालो तर पोचेपर्यंत ढुंगण बधिर झालं. आम्ही मोजकीच माणसं. ओफोसुहेने, कॅमेरावाला आर्मा, पुजारी होणारे दोन नट, सेफाकोर आणि मी. बोट डोत्से नावाच्या माणसाची होती. सेफाकोर त्याला एवे रीतीने एफो डोत्से म्हणायची, म्हणजे डोत्सेदादा, म्हणून मग आम्हीही.

गाव मासेमारांचं, सगळे एवे. गावाच्या मुखियाला तिथे तोग्बे म्हणतात. म्हातारा शांत होता. त्याने झाडाखाली सगळ्यांना बोलावलं आणि ओफोसुहेनेला म्हणाला, काय करणार आहात ते लोकांना सांगा. ओफोसुहेनेला एवेचं अक्षर येत नव्हतं. तो त्वीत बोलत गेला आणि सेफाकोर एवेत सांगत गेली.

"सांग त्यांना, हा खेळ आहे. उद्या एक बाई पाण्यात बांधलेली दिसेल. ती रडेल, ओरडेल, वाचवा वाचवा म्हणेल. काही ऐकू आलं तरी कोणी जायचं नाही. कोणाची होडी चित्रात आली तर माझा दिवस फुकट जाईल."

सेफाकोरने सांगितलं. कोणीतरी काहीतरी विचारलं आणि लोक खदखदून हसले.

"काय म्हणतोय?" ओफोसुहेनेने विचारलं.

"विचारतोय, ती बाई कोण. मी म्हटलं, मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सजवलं. पांढरी लुगड्यासारखी वस्त्रं, अंगाला खडू, आणि कमरेपर्यंत येणारा केसांचा टोप. तिचे स्वतःचे केस बारीक कापलेले होते, त्यामुळे टोप मी कडेकडेने गोंदाने पक्का बसवला. ओफोसुहेनेने हेरलेलं खोड किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण तिथे पाणी खोल. पुजारी झालेल्या नटांनी खोडाला पाण्याखाली एक फळी ठोकली, तिच्यावर ती उभी राहिली की पाणी छातीपर्यंत येई. दोर काथ्याचा, जाडजूड, कारण नायलॉनचा दोर चित्रात खोटा दिसतो. गाठ मात्र सरकती होती, मागे हात नेऊन टोक ओढलं की सुटेल अशी. वर फांदीच्या बेचक्यात ओफोसुहेनेने प्लास्टिकच्या पिशवीत एक छोटा कॅसेट रेकॉर्डर बांधला. आवाज जवळून यावा म्हणून ही त्याची स्वतःची युक्ती होती आणि तिचं त्याला फार कौतुक होतं.

पहिला प्रयोग नीट झाला. सेफाकोर ओरडली, पुजाऱ्यांनी मंत्र म्हटले, होडी निघून गेली, तिने गाठ ओढली, डोत्से जाऊन तिला घेऊन आला. किनाऱ्यावर मासे भाजणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

ओफोसुहेनेचं तोंड मात्र आंबट. "सेफा, तू अशी ओरडतेस जशी मकोला बाजारात तुझी पर्स मारली. मरायला टेकलेल्या बाईचा आवाज पाहिजे मला."

"मरून बघते एकदा, मग जमेल," ती म्हणाली आणि माझ्या हातातली केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उंडा, तोडून खायला बसली.

दुपारी पुन्हा करायचं ठरलं. या वेळी नटांना किनाऱ्यावर ठेवून ओफोसुहेने स्वतः डोत्सेबरोबर तिला बांधायला गेला. दोर सकाळी ढिला दिसत होता, म्हणाला. परत आल्यावर त्याने डोत्सेला सांगितलं, बोट घेऊन पलीकडे पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकामागे जा, चित्रात अजिबात दिसू नकोस. मी लाल फडकं हलवीन तेव्हाच यायचं. डोत्से गेला. आता समोर नुसतं पाणी, मेलेली झाडं आणि त्यातल्या एकाला टेकलेली ती पांढरी आकृती. खरं सांगते, मीच तिला रंगवली होती तरी माझ्या अंगावर काटा आला.

ती सुरुवातीला संहितेतलंच म्हणत होती, त्वीत. सोडा मला, मी कोणाचं काय बिघडवलंय, माझ्या आईला सांगा. आर्माने डोळा कॅमेऱ्याला लावला होता. ओफोसुहेने दोन्ही हात छातीशी धरून उभा, ओठ हलवत, जणू तिच्या तोंडात शब्द घालतोय.

मग ती थांबली. खोडाला पाठ घासत जरा वरखाली झाली. आणि एकदम ओरडली. तशी किंकाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. जाड, फाटकी, तिचा नेहमीचा सुरेल आवाज त्यात कुठेच नव्हता. त्यानंतर ती जे बोलायला लागली ते त्वी नव्हतं. माझ्या कानाला ते नुसते आवाज होते.

"हेच!" ओफोसुहेने कुजबुजला. "आर्मा, जवळ घे, चेहरा घे. हे पाहिजे होतं मला!"

आमच्या मागे माशांच्या भट्ट्या होत्या. तिथे एन्योनाम नावाची बाई लाकडं सारत होती. पन्नाशीची, दांडग्या खांद्यांची. आदल्या दिवशी तिनेच आम्हाला बांकूचे गरम उंडे आणि मासे खाऊ घातले होते. ती हातातलं लाकूड तसंच धरून पुढे आली. तिला बाजारापुरती त्वी येत होती.

"ही काय म्हणतेय कळतंय का तुम्हाला?"

"आई, मागे हो. आवाज येईल," ओफोसुहेने म्हणाला.

"ती म्हणतेय, पायाखालची फळी निघाली."

"म्हणू दे. नवरीने काय म्हणायचं ते तिला माहीत आहे."

"आणि म्हणतेय, गाठ सुटत नाही."

मी ओफोसुहेनेकडे पाहिलं. "सरकती गाठ आहे ना?"

त्याने आर्माला हाताने चालू ठेवायची खूण केली.

"डायरेक्टर, गाठ सरकती मारलीये ना तुम्ही?"

"पक्की मारलीये," तो पाण्याकडेच बघत म्हणाला. "म्हणून तर ओरडतेय अशी. अगं, थोडा वेळ. बोट आहेच की."

फळी नाही म्हणजे ती दोरावर लटकते आहे, आणि लटकलेलं माणूस खाली सरकतं. मी डोळे बारीक करून पाहिलं. सकाळी पाणी तिच्या छातीशी होतं. आता पांढरे खांदे दिसत नव्हते. नुसतं डोकं आणि पाण्यावर पसरलेले काळे केस.

"लाल फडकं हलवा!"

"हलवतो."

"आत्ता हलवा!"

"देदेई, मी सांगितलं ना हलवतो! हा एवढा चेहरा मिळू दे."

फडकं त्याच्या खांद्यावर होतं. मी ते खेचलं. त्याने माझं मनगट धरलं. आम्ही दोघं तिथे वाळूत झोंबाझोंबी करत होतो आणि मागे जमलेले लोक हसायला लागले, कारण त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. तेवढ्यात एन्योनाम मोठ्याने काहीतरी म्हणाली आणि सगळे गप्प झाले. तिने पूर्वेकडे बोट केलं होतं.

तिकडचं आभाळ काळंनिळं होऊन खाली उतरलं होतं, आणि त्याच्या पायथ्याशी पाण्यावर एक पांढरी रेघ आमच्याकडे सरकत होती. मार्चमधलं वादळ. त्या सरोवरावर त्याला वेळ लागत नाही.

"डायरेक्टर," आर्मा म्हणाला. त्याने डोळा कॅमेऱ्यावरून काढला होता. "मला तिचा चेहरा दिसतोय. ती अॅक्टिंग करत नाहीये."

"तू कॅमेरा धर."

"नाही धरत." त्याने काचेवर झाकण बसवलं आणि मागे सरकला.

ओफोसुहेनेने माझं मनगट सोडलं. मला वाटलं आता धावेल. तो धावला तो कॅमेऱ्याकडे. झाकण फेकून त्याने स्वतः डोळा लावला.

मी फडकं घेऊन पाण्यात गुडघाभर शिरले आणि वेड्यासारखी हलवत राहिले. टोकामागून कोणी आलं नाही. वाऱ्याचा पहिला फटकारा आला आणि धुळीने, पाण्याच्या तुषारांनी ते टोकच दिसेनासं झालं. डोत्सेला काय दिसणार कपाळ!

मागून माझा खांदा धरून कोणीतरी ओढलं. एन्योनाम होती. तिने आणि तिच्या नणंदेने एक होडी वाळूतून पाण्यात ढकलली होती. एन्योनामच्या कमरेला मासे चिरायची सुरी.

"वल्हं येतं?"

"नाही."

"पोहायला?"

"नाही."

"मग बस मध्ये आणि पाणी उपस." तिने माझ्या हातात एक भोपळ्याची वाटी कोंबली. "ती तुझं नाव घेतेय, पोरी. एवढं तर तुलाही कळत असेल."

मग मी ऐकलं. त्या सगळ्या न कळणाऱ्या आवाजांत, मध्ये मध्ये, देदे. देदे.

"होडी बाजूला घ्या!" ओफोसुहेने किंचाळला. "चित्रात येताय!"

एन्योनामची नणंद त्याला काहीतरी म्हणाली. ते काय होतं ते मला आजपर्यंत कोणी भाषांतर करून सांगितलेलं नाही.

अर्ध्या वाटेवर वादळ आमच्यावर आलं. आधी वारा, मग लाटा, मग पाऊस, असा आडवा की समोरच्या बाईची पाठ दिसेना. होडी म्हणजे कोरलेलं एक लाकूड, त्यात आम्ही तिघी. मी उपसत होते तेवढंच पाणी पुन्हा आत येत होतं. खालून एखादं बुडालेलं झाड होडीला घासायचं, तेव्हा बुडाखालून करकर आवाज येई आणि दोघी एकदम वल्ही उचलून धरत. त्या बोलत नव्हत्या. मी मात्र मोठमोठ्याने देवाचं नाव घेत होते आणि मधूनच ओफोसुहेनेला शिव्या देत होते, एकाच श्वासात.

सेफाकोरचा आवाज बंद झाला होता.

खोडापाशी पोचलो तेव्हा तिचं तोंड आभाळाकडे होतं आणि लाट आली की झाकलं जात होतं. लाट गेली की ती खोकायची. डोळे उघडे होते, पण तिने मला ओळखलं असं वाटलं नाही. दोर काखेखाली रुतून वर गळ्याकडे चढला होता. काथ्या भिजून फुगला होता, गाठ दगडासारखी. एन्योनामने एका हाताने खोड कवटाळलं आणि दुसऱ्या हाताने सुरी चालवायला लागली. नणंद वल्ह्याने होडी धरून ठेवत होती.

"तिला धर!" एन्योनाम ओरडली. "कापला की खाली जाईल!"

मी होडीच्या कडेवरून वाकले आणि हाताला आलं ते घट्ट पकडलं. दोन्ही मुठींत तिचे लांब काळे केस.

दोर तुटला. ती खाली गेली. केस माझ्या हातात राहिले.

टोप. मीच चिकटवलेला. मुठींत तो ओला झुबका आणि समोर नुसतं पाणी, मी एवढी किंचाळले की पडद्यावरच्या कुठल्याही भुताने लाजावं. टोप फेकून मी काखेपर्यंत दोन्ही हात पाण्यात घातले. काही नाही. खोडाची साल. पुन्हा काही नाही. मग बोटांना दोराचं टोक लागलं, जे अजून तिच्या अंगाभोवती होतं. मी ते मनगटाला गुंडाळलं आणि मागे पडले. होडी माझ्या बाजूला इतकी कलली की एन्योनाम अर्धी पाण्यात गेली, पण तिने खाली हात घालून सेफाकोरची मान धरली. आम्ही दोघींनी तिला मासळीसारखी आत ओढली.

परतायचा प्रश्नच नव्हता. वारा नेईल तिकडे गेलो. त्याने आम्हाला टोकाला वळसा घालून पलीकडच्या चिखलात नेऊन आदळलं. एन्योनामने तिला पालथी करून पाठीवर थापट्या मारल्या. पाणी निघालं, मग केंकी निघाली, मग एक मोठा श्वास. आम्ही होडी उलटी करून तिच्याखाली शिरलो आणि पावसाचा मारा ऐकत पडून राहिलो. सेफाकोरने माझं बोट धरलं होतं आणि ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"थंडी वाजतेय म्हणते," एन्योनाम म्हणाली आणि आपलं ओलं अंगच तिच्या अंगावर टाकून तिला घट्ट मिठीत घेतलं.

पाऊस ओसरल्यावर डोत्से आम्हाला शोधत आला. तो दोन्ही हात डोक्याला लावून चिखलात बसला. "मी फडक्याची वाट बघत होतो," एवढंच म्हणत राहिला.

उन्हं कलायच्या आत तोग्बेने सगळ्यांना पुन्हा त्याच झाडाखाली बोलावलं. सेफाकोर एन्योनामच्या घरात भट्टीशेजारी गोधडीत होती, त्यामुळे भाषांतर एन्योनामने केलं.

ओफोसुहेने आधीच बोलायला लागला. "तोग्बे, अपघात झाला. वादळ काय मी आणलं? आणि बाई जिवंत आहे, देवाची कृपा."

म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं. मग म्हणाला, "आमच्या गावाने पाण्यात माणूस बुडताना कधी बघत बसलेलं नाही. चोर बुडत असला तरी काढतो, मग मारतो. आज माझी माणसं किनाऱ्यावर उभी राहून बघत होती आणि हसत होती. तू त्यांना तसं करायला लावलंस. आणि ते सांगायला तिचंच तोंड वापरलंस."

ओफोसुहेने खाली बघत होता.

"एक मेंढा आणशील. तो माझ्यासाठी नाही, या पाण्यासाठी. आणि सकाळी माझ्या बेटावर मला तुझं तोंड दिसता कामा नये."

सकाळी निघायच्या आधी आर्माने मला खूण केली. ओफोसुहेने एका कोळ्याच्या होडीतून एकटाच त्या खोडाकडे गेला होता. बेचक्यातली पिशवी त्याने सोडवून आणली. आतला रेकॉर्डर कोरडा होता. पावसाआधीचं सगळं त्यात आलं होतं. बोटीत तो ती पिशवी मांडीवर घेऊन बसला, जशी एखादी बाई तान्ह्याला घेऊन बसते.

सेफाकोर आमच्याबरोबर आली नाही. ती एन्योनामकडे राहिली आणि पुढे मासळीच्या बाजाराच्या बोटीने तिच्या गावी, हो नावाच्या शहरात गेली.

अक्राला आल्यावर मी ओफोसुहेनेला सांगितलं, तो तुकडा काढून टाक. तो म्हणाला, "काढून टाकू? देदेई, सिनेमा म्हणजे तोच तुकडा आहे. बाकी सगळं मेहुण्याचं परस." परत आलेली नवरी म्हणून त्याने दुसरीच मुलगी घेतली, तोंडाला खडू फासला, कोणाला कळलं नाही. मी ते काम केलं नाही. आर्मानेही नाही.

सिनेमा आला आणि गाजला. भिंतीवर रंगवलेल्या चित्रात सेफाकोरला मगरीचं शेपूट होतं आणि डोळ्यांतून ज्वाळा. अक्रात, कुमासीत लोक तिच्या किंकाळीसाठी दुसऱ्यांदा तिकीट काढत. पोरं रस्त्यात तिच्या त्या एवे ओरडण्याची नक्कल करत फिरायची. त्यांना ती भुताची भाषा वाटायची.

मग एके दिवशी सेफाकोरचा निरोप आला. सिनेमा होला लागलाय, मला एकदा बघायचाय, पण एकटीने नाही. मी फारशी कुठे जात-येत नाही, पण त्या दिवशी दुकान बंद करून पहिली गाडी पकडली.

संध्याकाळचा खेळ होता. शाळेच्या बाकांसारखी बाकं, पुढे दोन टीव्ही एकावर एक. ती डोक्यावरून कापड घेऊन माझ्या शेजारी बसली. सुरुवातीला लोक हसत होते, पुजाऱ्याच्या दाढीवर शेरे मारत होते. मग ते पाणी आलं. ती पांढरी आकृती आली. त्वीतली वाक्यं झाली. आणि मग तिचा तो आवाज.

हसणं हळूहळू बंद झालं. एखाद्या घरात मयताची बातमी घेऊन कोणी शिरावं तसं.

"मी म्हणतेय," सेफाकोर माझ्या कानाशी बोलत होती, अगदी सपाट आवाजात, "फळी गेली. म्हणतेय, याने गाठ आवळली. म्हणतेय, त्वीवाल्यांना कळणार नाही, एवे कोणाला कळतं का, काठावरच्या आयांनो, तुम्हाला कळतं, मी काल सांगितलं ते खोटं होतं, या. देदेला सांगा. देदे, दोर गळ्याशी आलाय."

समोरच्या बाकावरून एक म्हातारी उभी राहिली. संत्री विकणारी असावी, टोपलं मांडीवरून खाली पडलं आणि संत्री घरंगळत गेली. "अरे, ही पोरगी खरंच बुडतेय!" हे एवेत होतं, पण ते मला कोणी सांगावं लागलं नाही. पुरुष म्हणाले, बस गं आजी, सिनेमा आहे. मग दुसरी बाई उठली. तिसरी उठली. कोणीतरी रडायला लागलं. म्हातारी टीव्हीपाशी जाऊन हाताने काच थापटायला लागली, जशी दार ठोठावते आहे. मशीनवाल्या पोराने घाबरून बटण दाबलं. पडदा काळा झाला.

आणि सेफाकोर उठली. डोक्यावरचं कापड तिने मागे सारलं.

"मी इथे आहे. बुडले नाही."

काय पळापळ झाली! अर्धा हॉल खिडक्यांतून बाहेर गेला. बाकं उलटली, एकजण माझ्या पायावर पाय देऊन ओरडत गेला. ज्या भुतासाठी पैसे भरून आले होते तेच समोर उभं राहिलं म्हटल्यावर कोण थांबणार! मला त्या तसल्या वेळीही हसू फुटलं, आणि सेफाकोरलाही. आम्ही दोघी एकमेकींना धरून हसत होतो आणि ती थरथरत होती.

म्हातारी तेवढी पळाली नाही. ती पुढे आली. तिने आधी सेफाकोरचा गाल चाचपला, मग काखेखालून गळ्याकडे गेलेला तो काळपट वळ बोटाने पाहिला. मग तिने तिला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात त्या?" मी म्हटलं.

"विचारतात, गाठ कोणी मारली?"

दारातून, खिडक्यांतून लोक पुन्हा आत डोकवायला लागले होते. सेफाकोरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ओफोसुहेनेचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, नाटक मंडळीत शिकलेल्या त्या आवाजात, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं.

त्यानंतर होला, क्पांडोला, सरोवराकाठच्या कुठल्याच हॉलमध्ये तो सिनेमा लागला नाही. हॉलवाले म्हणाले, बायका काचा फोडतील. बायकांनी तसं म्हटलंही होतं. पुढे ओफोसुहेनेने तो तुकडा कापला, आणि कापल्यावर सिनेमा बघायला कोणी येईना. सेफाकोरने नंतर बरीच कामं केली, सासवांची, पास्टरच्या बायकोची. माझ्याकडे केस विणायला येते. आता तिने ते वाढवले आहेत.